इंद्रवज्राचे साल : हरिश्चंद्रगड, कर्नल साइक्स आणि पावसातली एक चाल

हरिश्चंद्रगडाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, मग ते रविवार पुरवणीतले असो, गिर्यारोहण संस्थेच्या माहितीपत्रकातले असो की एखाद्या दुर्गविषयक पुस्तकातले, त्यात एक वाक्य हटकून येते : १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने कोकणकड्यावरून प्रथम इंद्रवज्र पाहिले. वाक्य सुटसुटीत आहे, सनावळीसह आहे, आणि म्हणूनच ते कोणी तपासून पाहत नाही. त्यात खरे तर तीन विधाने एकमेकांत गुंफलेली आहेत. एक सालाचे, दुसरे ‘प्रथम’ या शब्दाचे, आणि तिसरे ‘इंद्रवज्र’ या नावाचे. तिन्ही थोडी उकलून पाहावीत, एवढाच या लेखाचा मूळ हेतू. परंतु गड असा आहे की त्याच्याविषयी टेबलाशी बसून लिहिणे पुरेसे होत नाही; त्यामुळे पुढे एका पावसाळी दिवसाची हकिकतही येईल.

सालापासून आरंभ करू. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. १८१७ च्या खडकी आणि पुण्याच्या लढायांत तो पेशव्यांविरुद्ध लढला होता. पेशवाई बुडाल्यानंतर कंपनीला जिंकलेल्या मुलखाची मोजदाद हवी होती : गावे किती, माणसे किती, जमिनीचा कस काय, धारा कसा बसतो. त्या कामासाठी १८२४ साली मुंबई सरकारने साइक्सची दख्खनचा सांख्यिकी अधिकारी म्हणून नेमणूक केली. १८२९ मध्ये काटकसरीपोटी ते पद रद्द झाले, तरी त्याने हाती घेतलेले काम पुरे केले आणि १८३१ साली तो हिंदुस्थान सोडून विलायतेस परतला. म्हणजे १८३५ साली तो कोकणकड्याच्या टोकावर उभा असणे शक्यच नाही.

मग १८३५ आले कोठून? त्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये साइक्सचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता दख्खनमधील वातावरणाची भरती-ओहोटी आणि तेथील हवामान. त्यात हरिश्चंद्रगडावरील वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे वर्णन आहे. ते छापले गेले ते साल पुढे पाहिल्याचे साल होऊन बसले. आपल्याकडे ग्रंथांच्या बाबतीत असे वारंवार घडते हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. येथे ते एका दृश्याच्या बाबतीत घडले आहे. साइक्सने ते दृश्य पाहिले ते त्याच्या दख्खनमधील वास्तव्यात, म्हणजे १८३१ च्या आत.

हा निबंध मुळात इंद्रधनुष्याविषयी नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. साइक्सला रस होता तो वायुभारमापकातील पाऱ्यात. उष्ण कटिबंधात हा पारा दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास तो वर असतो, दुपारी चार-पाचच्या सुमारास खाली, आणि रात्री हेच चक्र पुन्हा. वादळ-वारा असो नसो, ही लय फारशी ढळत नाही. साइक्स हे वाचन वर्षानुवर्षे टिपत राहिला. पक्ष्यांच्या नोंदी करणारा, मासे जमवणारा, गावोगावची वजने-मापे उतरवून घेणारा हा माणूस होता. त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ ची आहे आणि एका चंडोलाला आजही त्याचे नाव आहे. अशा मोजणाऱ्या माणसाच्या कागदांत मध्येच एक न मोजता येण्याजोगे दृश्य येते, हीच त्या उताऱ्याची गंमत आहे.

उताऱ्याचा आशय असा. कोकणातून वर आलेला धुक्याचा थर गडाच्या तुटलेल्या कड्याच्या माथ्यापेक्षा किंचित वर चढला होता, पण पठारावर सांडला नव्हता. साइक्स धुक्याच्या अगदी बाहेर, कड्याच्या काठाशी होता. सूर्य पाठीशी, क्षितिजाजवळ, आणि आकाश निरभ्र. समोर पूर्ण वर्तुळ उमटले, अर्धे तो उभा होता त्या पातळीच्या वर आणि अर्धे खाली. वर्तुळाच्या मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली होती. जणू रंगीत चौकटीत बसवलेले चित्र. धुके फार जवळ असल्याने वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा, असा त्याचा अंदाज आहे. येथवर सारे दुर्गप्रेमी लेखक त्याचे बोट धरून येतात.

त्यापुढच्या दोन-तीन ओळींकडे मात्र कोणी वळत नाही. साइक्स सांगतो की बरोबरच्या नोकरांना त्या आकृती आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. म्हणून त्यांनी हातपाय हलवून पाहिले, अंगे वेडीवाकडी वळवून पाहिली, आणि वर्तुळातल्या आकृतीही तशाच हलतात की काय याची खात्री करून घेतली. त्यांची अंधश्रद्धेची भावना ओसरायला थोडा वेळ लागला, असा शेरा तो मारतो.

आम्हांला हा शेरा आणि त्याआधीचे वर्णन एकमेकांशी जुळत नाही असे वाटते. एक न पाहिलेली गोष्ट समोर येते. तिच्याविषयी एक अनुमान मांडले जाते : या आपल्या सावल्या आहेत. ते अनुमान ऐकणाऱ्याने मान्य न करता हात वर करून पाहावे, मग पाय, मग कंबर, आणि प्रत्येक वेळी समोरच्या आकृतीने तेच केले की नाही हे न्याहाळावे. याला अंधश्रद्धा म्हणायचे तर प्रयोग कशाला म्हणायचे? त्या क्षणी कड्यावर कोणी पडताळा घेतला असेल तर तो त्या अनाम माणसांनी. साइक्सने वर्णन केले, त्यांनी तपासले. कागद मात्र साइक्सच्या हातात होता, आणि कागदावर पुढे जो शब्द उमटला तो ‘अंधश्रद्धा’ हा. वसाहतकालीन वर्णनांत स्थानिकांची कृती आणि तिला दिलेले विशेषण यांत असे अंतर नेहमी सापडते. ते वाचण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी यासाठी याहून छोटा आणि नेटका नमुना आम्हांला ठाऊक नाही.

‘प्रथम’ या शब्दाचे काय करायचे तेही यातून ठरते. जगाच्या हिशेबात पाहिले तर साइक्सच्या सुमारे शतकभर आधी, १७३० च्या दशकात, पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच-स्पॅनिश मोहिमेतील बुगेर आणि अँटोनिओ दे उय्योआ यांनी अँडीज पर्वतातल्या पांबामार्का येथे हेच पाहिले होते. त्यांनीही एक विलक्षण गोष्ट टिपली : प्रत्येकाला वलय दिसत होते ते केवळ स्वतःच्या मस्तकाच्या सावलीभोवती, शेजाऱ्याच्या नव्हे. १७८० साली जर्मनीतल्या ब्रोकेन या डोंगरावर योहान झिल्बरश्लाग याने धुक्यावर पडलेल्या प्रचंड सावलीचे वर्णन केले, आणि तेव्हापासून युरोपात ‘ब्रोकेनचे भूत’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. म्हणजे ‘अंधश्रद्धा’ केवळ अकोल्याच्या डोंगरात नव्हती. जर्मनांनी तर भूत हे नावच ठेवले. आणि सह्याद्रीपुरते बोलायचे तर ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या या पठारावर चरत आली, त्यांच्यापैकी कोणाच्याही पाठीशी सकाळचा सूर्य आणि समोर धुके कधीच आले नसेल, असे मानायला काही आधार नाही. लिहून ठेवणारा पहिला, इतकेच फार तर साइक्सविषयी म्हणता येईल.

आता नाव. शास्त्रात याला ‘ग्लोरी’ म्हणतात; आपण तेजोवलय म्हणू. इंद्रधनुष्याशी त्याचे नाते दूरचे आहे. पावसाच्या मोठ्या थेंबांतून प्रकाश वळून-परतून येतो तेव्हा सूर्याच्या विरुद्ध बिंदूभोवती साधारण ४२ अंशांच्या त्रिज्येची कमान दिसते. तेजोवलय त्याहून पुष्कळ लहान, काही अंशांचे. ते धुक्यातील अतिसूक्ष्म थेंबांनी प्रकाश जवळजवळ आल्या वाटेने मागे फेकल्यामुळे उमटते, आणि त्याची उपपत्ती केवळ अपवर्तनाने लागत नाही, प्रकाशाचे तरंगरूप हिशेबात घ्यावे लागते. सी. टी. आर. विल्सन हा स्कॉटिश शास्त्रज्ञ १८९४ च्या सप्टेंबरात बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत काही आठवडे होता. तेथे ढगांवर दिसलेली अशी वलये प्रयोगशाळेत उतरवावीत म्हणून त्याने कृत्रिम ढग बनवायला घेतले. त्यातून मेघकोष्ठ निघाले, सूक्ष्म कणांच्या वाटा डोळ्यांना दिसू लागल्या, आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. पावसाळी डोंगरावरच्या एका दृश्याने इतका लांबचा पल्ला गाठल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

मराठीत मात्र ‘इंद्रवज्र’ हा शब्द रुळला. इंद्राचे धनुष्य अर्धे, तर पूर्ण झाले की वज्र, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. वज्र काही वाटोळे नसते. पण शब्दाचा दबदबा असा की ही अडचण कोणाच्या मनात येत नाही. वृत्ते शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मात्र हा शब्द ऐकला की आधी त त ज ग ग ही अकरा अक्षरे आठवणार, आणि मग कडा.

साइक्सच्या उताऱ्यातली आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते : त्या दिवशी पाऊस नव्हता. निरभ्र आकाश, पाठीशी सूर्य, आणि दरीत थोपून राहिलेले धुके. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा कड्यावरच्या माणसाच्या पाठीशी खालचा सूर्य यायचा तर सकाळच हवी. म्हणजे भर पावसाळ्यात, झड लागलेली असताना, दुपारी कड्यावर पोहोचणाऱ्याला इंद्रवज्र दिसण्याचा संभव जवळजवळ नाही. आणि तरीही गर्दी होते ती नेमकी याच दिवसांत.

आम्ही चौघे श्रावणातल्या एका अशाच दिवशी पाचनईहून वर गेलो. इंद्रवज्र दिसणार नाही हे ठाऊक होते. साइक्सने ज्या ऋतूविषयी लिहिले नाही तो ऋतू पाहायचा होता.

नगर जिल्ह्याचा उल्लेख झाला की दुष्काळ आठवतो, आणि ते अगदीच चूक नाही. २०२४ साली अहिल्यानगर हे नाव धारण केलेल्या या शहरात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम कोपऱ्यात, अकोले तालुक्यातल्या घाटघर आणि रतनवाडी येथे, चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरचा आकडा ओलांडला जातो. एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीत आठ-नऊ पट अंतर. अकोल्याहून राजूर, राजुराहून पाचनई असा प्रवास करताना हे अंतर डोळ्यांदेखत वाढत जाते : आधी बाजरी, मग तुरळक भात, मग केवळ भात, आणि उतारावर नागली-वरईचे तुकडे. राजुराच्या पुढे या मुलखाला डांगाण म्हणतात. येथली गुरेही डांगी. अंगावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची, कातडीला एक प्रकारचा तेलकटपणा असलेली. त्यामुळे धो धो पाऊस त्यांच्या अंगात मुरत नाही. पठारावरच्या खिलारी बैलाला येथे आणून चिखलणीला जुंपले तर तो काय करील, कोण जाणे. राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, ते पाहण्यासारखे असते.

पाचनई सोडली तेव्हा पाऊस रिपरिप होता. वाटेच्या उजव्या हाताला सरळसोट कातळभिंत, तिच्या पोटाला धरून वाट. भिंत वरून पुढे झुकलेली असल्याने मधला काही टप्पा पावसाच्या पडद्यामागून, कोरड्यानेच, पार होतो. मग ओढा. हीच मंगळगंगा, गडावरच्या देवळापासून निघून पाचनईच्या अंगाने उतरते आणि पुढे मुळेला मिळते. ओढा ओलांडायचा म्हणजे दोन पावलांचे काम, परंतु त्या दिवशी पाणी पिंढऱ्यांपर्यंत होते आणि तळाचा कातळ शेवाळलेला. आमच्या पुढे गावातली एक वृद्ध बाई डोक्यावर इरले घेऊन चालली होती. ती न थांबता ओलांडून गेली आणि पलीकडून म्हणाली, “दगुड बघून नका पाय टाकू, पानी बघून टाका.” आम्ही तसे केले. जेथे पाणी फेसाळत नाही तेथे खड्डा असतो, जेथे फेसाळते तेथे कातळ वर असतो, हे दोन-तीन पावलांत ध्यानात आले.

इरले ही वस्तू आता दुर्मीळ झाली आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन. डोक्यापासून पाठीखालपर्यंत झाकणारे. वाकून भाताची आवणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्याची खुबी. छत्री ही उभ्याने चालणाऱ्याची वस्तू आहे आणि इरले वाकून काम करणाऱ्याचे. आता पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे, पण सांगाड्याचा आकार तोच. आम्ही अंगात घातलेल्या महागड्या रेनकोटांतून तासाभरात घामाने भिजलो होतो.

माथ्यावर येताच वारा. खाली दरीत पाऊस वरून पडत होता, येथे आडवा येत होता. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ धुक्यातून एकदम वीस पावलांवर उभे राहिले. दगडी, शिखरापर्यंत कोरलेले, आणि चारी बाजूंनी पाणी वाहत असल्याने जणू त्या पाण्यातच रुजलेले. सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांशी झंझ राजाने बारा शिवालये बांधली, त्यांपैकी हे एक, असे सांगतात. केदारेश्वराच्या लेण्यात मोठे शिवलिंग कमरेएवढ्या पाण्यात आहे. सभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उरला आहे. हा शेवटचा खांब पडला की जगबुडी होणार, असे म्हणतात. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडाशी उभे राहून आत पाहताना त्या भाकिताची थट्टा करण्याचे मन होत नाही.

साहित्याच्या इतिहासात या जागेला जे स्थान आहे, ते इंद्रवज्राच्या बोलबाल्यात मागे पडले आहे. चांगा वटेश्वर, म्हणजे आपले चांगदेव, याचा ‘तत्त्वसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ याच डोंगरावर शके १२३४ मध्ये, इसवी सन १३१२ मध्ये, सिद्धीस गेला. ह. ना. नेने यांनी तो १९३६ साली प्रकाशात आणला. जो मिळाला तो अपुरा. देवळाच्या परिसरातल्या शिलालेखातही चांगदेवाचे नाव येते. वाघावर बसून आलेल्या आणि ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणाऱ्या चांगदेवाची कथा सर्वांना पाठ असते. गोदावरीकाठच्या पुणतांब्याला, म्हणजे याच जिल्ह्यात, त्याची समाधी दाखवतात. परंतु परंपरा समाधीचे जे साल सांगते ते शके १२२७, ग्रंथाच्या आधी सात वर्षांचे. एकतर एक साल चुकले आहे, नाहीतर चांगदेव एकाहून अधिक आहेत. येथेही पुन्हा सालाचाच घोटाळा.

कड्यावर आपल्याच मस्तकाच्या सावलीभोवती वलय पाहणारा माणूस आणि ‘चांगदेव पासष्टी’तला, आरशात स्वतःच स्वतःला पाहणारा द्रष्टा, यांची सांगड घालण्याचा मोह अनावर होतो. आमच्यातल्या एकाने ती तेथल्या तेथे घातलीही. तिला फार महत्त्व देऊ नये असे वाटते. पासष्टी ज्ञानदेवांची आहे, ती या गडावर लिहिली गेलेली नाही, आणि धुक्यात भिजलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या वाटतात.

देवळापासून कोकणकड्यापर्यंतची चाल सपाट आहे, म्हणून लोक तिला सोपी समजतात. त्या दिवशी दहा-पंधरा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. पठारभर पाणी पसरले होते, त्यामुळे वाट आणि वाटेसारखा दिसणारा ओघळ यांत फरक उरला नव्हता. कारवीच्या दाटीत शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येई आणि वाऱ्याने तुटे. कड्यापाशी पोहोचलो ते वाऱ्याच्या आवाजावरून. कोकणकडा सरळ तुटलेला नाही. नागाच्या फण्यासारखा आत खोदलेला आहे. पश्चिमेचा वारा त्या अर्धवर्तुळात शिरतो, कोंडतो आणि वर उसळतो. ओहोळांचे पाणी काठावरून खाली पडू लागते आणि तुषार होऊन उलटे आपल्या तोंडावर येते. साइक्सचे धुके पठारावर सांडले नव्हते, आमचे कड्याखालून निघून आमच्या अंगावरून मागे देवळाकडे धावत होते. काठापासून बरेच अलीकडे आम्ही पालथे पडून राहिलो. समोर पांढरे, खाली पांढरे. पाच मिनिटे काही दिसले नाही, आणि त्यानंतरही दिसले नाही.

मराठी दुर्गसाहित्य विपुल आहे. गो. नी. दांडेकरांनी आयुष्यभर गड तुडवले आणि त्यांवर जीव ओतून लिहिले; ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचून घराबाहेर पडलेल्यांची संख्या मोठी असेल. परंतु या साहित्याची नजर बहुधा इतिहासावर असते. तेथे पाऊस येतो तो पार्श्वभूमी म्हणून, किंवा अडचण म्हणून. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने निसर्गाकडे महिन्यामहिन्याने पाहायला शिकवले, पण ती नजर गडांकडे फारशी वळली नाही. हवामान हाच ज्याचा इतिहास आहे अशा डोंगरावर लिहायचे कसे, हा प्रश्न आमच्या साहित्यात जवळजवळ उपस्थितच झालेला नाही.

कारण येथले हवामान खरोखरच इतिहास घडवत होते. साइक्स पारा मोजत होता त्याच वर्षांत, १८२८ ते १८३० या काळात, याच डोंगरांत महादेव कोळ्यांचे बंड चालू होते. पेशवाईत गड राखण्याचे, घाटवाटा सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. नव्या राजवटीत गडांना अर्थ उरला नाही आणि हक्कांना कात्री लागली. रामजी भांगरे, रामा किरवा ही त्या बंडातली नावे. किरव्याला पुढे नगरला फाशी झाली. बंड मोडण्याच्या कामावर असलेल्या कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉशने महादेव कोळ्यांवर एक सविस्तर वृत्तान्त लिहिला, तो १८३६-३७ च्या सुमारास छापून आला. साइक्सचा निबंध आणि मॅकिंटॉशचा वृत्तान्त जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे आहेत : एकच मुलूख, एकच दशक, एकच लष्कर. एकाच्या कागदांत धुके हा प्रकाशाचा पडदा आहे, आणि दुसऱ्याच्या कामात तेच धुके माणसे गिळून टाकणारा अडथळा. दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचलेले आम्ही कोठे पाहिले नाहीत.

पुढे १८४० च्या दशकात राघोजी भांगऱ्याचे बंड झाले. तो अकोले तालुक्यातल्या देवगावचा. डोंगर त्याला वर्षानुवर्षे पोटात घेत राहिला. तो सापडला तो डोंगरात नव्हेच, तर १८४८ च्या जानेवारीत पंढरपूरला, उघड्या मैदानावर, जेथे धुके नाही आणि घाटवाटा नाहीत. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. डांगाणात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. गडावर येणाऱ्यांना मात्र साइक्स ठाऊक असतो.

साइक्सबरोबर कड्यावर हात हलवून पाहणारी ती माणसे कोण होती हे त्याने लिहिलेले नाही. पुण्याहून बरोबर आणलेले नोकर असतील किंवा वाट दाखवायला खालच्या गावातून घेतलेले कोळी. दुसरी शक्यता खरी असेल तर त्यांच्यापैकी एखाद्याचा भाऊबंद त्याच वर्षी बंडात असणे अगदी शक्य आहे. हे अनुमानच आहे, आणि आम्ही ते अनुमान म्हणूनच मांडतो.

परतीच्या वाटेवर चार वाजताच अंधारून आले. आमच्यातल्या एकाला हुडहुडी भरली. बोलणे तुटक होऊ लागले, आणि आपण ठीक आहोत असे तो वारंवार सांगू लागला, तेव्हा आम्ही देवळाजवळच्या गुहेत त्याला कोरडे कपडे घालून बसवले. गडावर झोपडीत चहा-भाकरी करणाऱ्या गावकऱ्याने काही न विचारता चुलीपुढे जागा करून दिली. या डोंगरावर माणसे कड्यावरून पडून मरतात, तशीच ओल्या वाऱ्यानेही मरतात. ऑगस्ट २०२३ मध्ये पुण्याहून आलेले सहा जण तोलार खिंडीच्या बाजूला धुक्यात वाट चुकले, रात्र डोंगरात पावसात काढावी लागली, आणि त्यांच्यापैकी एकाचा थंडीने मृत्यू झाला. तापमान गोठणबिंदूच्या आसपासही नसते. भिजलेले अंग आणि न थांबणारा वारा एवढे पुरते. गावकऱ्याला आम्ही विचारले की असे कोणी हरवले तर शोधायचे कसे. तो म्हणाला, “आरडायचं नाही. वाऱ्यात आवाज उलटा फिरतो. पाण्याच्या मागं जायचं, हरवलेला मानूस उताराला लागतो.”

इंद्रवज्राविषयीही विचारले. त्याने ते पाहिले होते, एकदा नव्हे, बऱ्याच वेळा. पाऊस सरता सरता, सकाळी, गुरे सोडताना. त्याच्या घरी त्याला काही वेगळे नाव आहे का, असे आम्ही विचारले. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “नाव आता तुमचंच चालतं.” मग चुलीत लाकूड सारून त्याने आमच्या मित्राचे हात जाळाजवळ नेले.